जुनी स्पोर्ट्‌स कार घरी नीट करायची, तर पॉलिशचा डबा सगळ्यात शेवटी उघडा

आजोबांची किंवा काकांची दोन सीटांची उघडी गाडी पंधरा-वीस वर्षांनी शेडमधून बाहेर निघते. घरातला उत्साही गडी धूळ झटकतो आणि पहिली खरेदी करतो ती रबिंग कंपाउंडच्या डब्याची. रविवारभर घासून बॉनेट चकाकतं, फोटो निघतात. दोन महिन्यांनी जॅक लावताना दाराखालची पट्टी चुरमुऱ्यासारखी चुरते. मग ती कापा, वेल्डिंग करा, नवीन रंग मारा. रविवारी केलेली सगळी मेहनत पाण्यात, आणि वर मूळ रंगाचा थरही घासून गेलेला.

अशा चार-पाच गाड्या जवळून बघितल्यात, त्यातल्या एकीचं बॉनेट मीच खराब केलंय. चूक दरवेळी एकच असते: कामाचा क्रम उलटा. म्हणून इथं क्रमावर जास्त लिहिलंय. उदाहरणाला ट्रायंफ स्पिटफायर घेतलीय (१९६२ ते १९८०). तिची थोरली बहीण हेरल्ड मद्रासला बनायची, त्यामुळे तिच्या चासीची आणि पुढच्या चाकांची रचना जुन्या मिस्त्रींच्या हाताखालून गेलेली आहे. एमजीबी किंवा दुसरी गाडी असेल तर जिथं फरक पडतो तिथं तसं सांगितलंय.

टप्पा १ : कागद, जागा आणि हंगाम

आधी आरसी बुक आणि गाडीवरचा चासी नंबर, इंजिन नंबर जुळवून बघा. नंबराच्या पट्टीवर ग्राइंडर किंवा वायर ब्रश चुकूनही फिरवू नका. नंबर पुसट झाला की पुढं आरटीओत उत्तर देता देता नाकी नऊ येतात. रंग बदलणार असाल तर आरसीवर तशी नोंद करून घ्यावी लागते, म्हणून रंग आत्ताच ठरवा.

गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी असेल तर २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणी घेता येते. फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला चालत नाही आणि अशी गाडी रोजच्या वापरालाही काढता येत नाही. मारुतीचं इंजिन बसवून टाकू म्हणणारा मित्र प्रत्येकालाच असतो. त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा.

जागा पत्र्याची असली तरी चालेल, पण खाली फरशी किंवा कोबा हवा. मातीवर जॅक-स्टँड रुततात. शेजारी कोरड्या पावडरचा अग्निशामक टांगा.

आमच्या कोल्हापुरात हंगाम महत्त्वाचा. जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली असते की संध्याकाळी उघडा केलेला पत्रा सकाळी तांबूस दिसतो. म्हणून पावसाळ्यात खोलणं आणि यंत्राची कामं करा, उघड्या पत्र्याला हात दसऱ्यानंतरच लावा. मात्र कोरडा हंगाम म्हणजेच उसाचा गळीत हंगाम. कारखान्याच्या आणि गुऱ्हाळांच्या धुराड्यातली काळी काजळी वाऱ्यावर येते आणि ओल्या रंगावर अलगद बसते. घरी अंगणात रंग मारू नका म्हणण्याचं हे एक कारण. दुसरं, त्याहून गंभीर कारण पुढं येईल.

टप्पा २ : हात लावण्याआधीची तपासणी

हा टप्पा एका दिवसाचा आहे आणि बहुतेक लोक तो गाळतात.

दारांच्या फटी मोजा. पुढून, मागून, वरून, दोन्ही बाजूंनी मोजा आणि आकडे वहीत लिहा. फट वर रुंद, खाली अरुंद असेल तर बॉडी मधून खचलीय असं समजा.

कॅलेंडर टांगायचं पातळ चुंबक मऊ कापडात गुंडाळून सगळ्या बॉडीवर फिरवा. जिथं तो चिकटत नाही तिथं पत्र्याऐवजी लांबी (पुट्टी) भरलीय. खडूनं खूण करा.

दाराखालची सिल, चाकांच्या कमानी, डिकीचा तळ आणि बॅटरीखालची ताटली स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं ठोका. टणटण वाजलं तर पत्रा जिवंत. थप्प आवाज आला तर टोक लावून बघा. आरपार गेलं तर वाईट वाटून घेऊ नका, ते भोक आधीपासूनच होतं.

गाडी पंचगंगेच्या काठच्या भागात उभी असेल तर सिलच्या निचऱ्याच्या भोकांत तार घालून बघा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरातला गाळ अजून आत असू शकतो. तो स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो आणि पत्रा आतून खातो. वरून कितीही पॉलिश करा, आतली वाळवी चालूच.

> तपासा : फटींचे आकडे, चुंबकाच्या खुणा, गंजाच्या जागा हे तिन्ही वहीत उतरलं का? निदान दीडशे-दोनशे फोटो निघाले का? नसतील तर पान्याला हात लावू नका.

टप्पा ३ : खोलणं

बॅटरी आधी काढा. नंतर लावताना ध्यानात ठेवा, सुरुवातीच्या स्पिटफायरमध्ये पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. १९६७ च्या मार्क ३ पासून ते निगेटिव्ह झालं. सवयीनं उलटी बॅटरी लावली तर वायरिंगचं आणि डायनामोचं नुकसान होऊ शकतं.

पाने इंचाचे लागतात. घरातला १३ चा पाना अर्ध्या इंचाच्या नटाला बसल्यासारखा वाटतो, पण अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. तेवढ्या ढिलाईत गंजलेल्या नटाचे कोपरे गोल होतात. ७/१६, १/२ आणि ९/१६ हे तीन पाने आधी आणा, निम्मं काम तेवढ्यावर होतं. प्रत्येक गंजलेल्या नटावर आदल्या रात्री भेदक तेल सोडा. सकाळी नट आधी किंचित आवळायच्या दिशेनं हलवा, मग सोडवा.

एका भागाचे नट-बोल्ट एका पिशवीत, पिशवीवर नाव आणि तारीख. सगळे बोल्ट एका बादलीत टाकणाऱ्या माणसाची गाडी जुळत नाही, बादली मात्र वर्षानुवर्षं टिकते.

टप्पा ४ : यंत्र, ब्रेक आणि पेट्रोलची वाट

हे रंगाआधी का? कारण ब्रेक ऑइल रंग विरघळवतं. ताज्या रंगाच्या फेंडरवर मास्टर सिलिंडरमधून दोन थेंब सांडले तर तासाभरात फोड येतात. रंग झाल्यावर ब्रेक करायची वेळ आलीच तर बादलीभर पाणी शेजारी ठेवा. थेंब पडला की पुसू नका, लगेच पाण्यानं धुवा.

जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ड्रम उघडला की हवेच्या पाइपनं धूळ उडवायची आपल्याकडं सवय आहे, ती इथं सोडा. पाणी शिंपडून ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

आता स्पिटफायर आणि हेरल्डची खास गोष्ट. पुढच्या चाकाच्या खाली ट्रनियन नावाचा पितळी भाग असतो, चाक वळताना त्याच्या आट्यांवर फिरतं. तिथं ईपी ९० गिअर ऑइल घालायचं असतं. आमच्या मिस्त्रींनी अभिमानानं सांगितलं होतं, "ग्रीस मारलंय की भरगच्च, काय होत न्हाई." होतं. घट्ट ग्रीस आट्यांपर्यंत पोचत नाही, आत पाणी राहतं, आटे झिजतात आणि एके दिवशी वळणावर तो जोड तुटून चाक आडवं पडतं. ग्रीस भरलेलं असेल तर ट्रनियन उघडा, साफ करा, झीज बघा आणि मगच तेल भरा.

पेट्रोलचे जुने रबरी पाइप, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरची सील बदलूनच टाका. आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुन्या रबराला मऊ करतं आणि ओलावा ओढून टाकीला आतून गंजवतं. इथेनॉल सोसणाराच पाइप मागा. टाकी गळत असेल तर घरी वेल्डिंग नाही. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा धोकादायक असते, कारण आत वाफ भरलेली असते.

एखादा ओतीव भाग तुटला तर आपण नशीबवान आहोत. शिवाजी उद्यमनगरात आणि शिरोलीच्या फाउंड्र्यांच्या पट्ट्यात असा माल करून देणारे हात आहेत. पण तुटका थर्मोस्टॅटचा डबा देऊन "असाच करा" म्हणू नका. धातू थंड होताना आकसतो, ॲल्युमिनियम १०० मिलिमीटरला साधारण १.३ आणि बीड साधारण १. जुन्या तुकड्यावरूनच साचा काढला तर नवा भाग तेवढा बारका निघतो आणि बोल्टची भोकं जुळत नाहीत. आकसणं धरून पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना) करायला सांगा आणि मशीनिंगला माल जादा ठेवा.

टप्पा ५ : गंज आणि पत्रा

स्पिटफायरची चासी वेगळी असली तरी सिलमुळंच बॉडी ताठ राहते. एमजीबीला तर वेगळी चासीच नाही, सगळा भार सिलवर. म्हणून सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवी नळी टाके (वेल्डिंगचे सुटे ठिपके) मारून बसवा. उघड्या गाडीला छपराचा आधार नसतो. आधार न देता सिल कापली तर बॉडी मधून बसते आणि नवी सिल त्या वाकड्या मापावरच जोडली जाते. पुन्हा दार लागत नाही.

एका वेळी एकच बाजू. टाके मारले की दार लावून बघा, फट वहीतल्या आकड्याशी जुळवा, मगच पूर्ण वेल्डिंग करा. सलग ओळीनं वेल्डिंग केलं की पत्रा तापून लाटा येतात. इंचभर इथं, इंचभर तिथं असं करत जा.

जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे जुना रंग कोरडा घासू नका. केमिकल स्ट्रिपर वापरा किंवा पाणी मारून घासा, आणि लहान पोरांना शेडपासून लांब ठेवा. पत्रा उघडा झाला की त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर बसला पाहिजे. म्हणून संपूर्ण गाडी एकदम सोलू नका. आज एक दार, उद्या दुसरं.

गंज मारायचं आम्ल वापरलं तर धुऊन, पूर्ण वाळवून, पुन्हा घासून मगच प्रायमर. आम्लाचा अंश राहिला की वरचा थर पकडच घेत नाही.

टप्पा ६ : लांबी

सगळ्यात जास्त गाड्या इथं बिघडतात, आणि बिघाड दिसतो वर्षा-दोन वर्षांनी.

लांबी म्हणजे पुट्टी. ती शेवटचे दोन-तीन मिलिमीटर सारखे करायला असते, खड्डा बुजवायला नव्हे. खड्डा हातोडी आणि डॉलीनं (पत्र्यामागं धरायचा लोखंडी ठोकळा) वर आणायचा. भोकावर जाळी लावून लांबी थापणं म्हणजे फाटक्या धोतराला चुना लावणं.

एपॉक्सी प्रायमर आधी, लांबी त्याच्यावर. हार्डनर वजनाच्या साधारण २ टक्के. लवकर वाळावी म्हणून जास्त घातला तर महिन्याभरानं रंगातून डाग वर येतात. रंग लाल-काळा असेल तर दिसत नाहीत, पांढऱ्या-क्रीम गाडीवर हमखास दिसतात.

आता भांडणाचा मुद्दा. आपले बहुतेक पेंटर लांबी पाणी मारून घासतात. धूळ उडत नाही, हात हलका चालतो, सगळं खरं. पण पॉलिएस्टर लांबी पाणी पिते. ते पाणी खाली पत्र्यापर्यंत जातं, वर प्रायमर आणि रंग बसतो आणि पाणी आत कोंडतं. पुढच्या पावसाळ्यात फोड. लांबी कोरडीच घासायची: ८० नंबर पेपर, मग १२०, मग १८०, दरवेळी सपाट ठोकळ्यावर गुंडाळून. नाकावर चांगला मास्क. पाण्याचा पेपर नंतर, वरच्या प्रायमरवर चालेल.

ठोकळा नसेल तर घासूच नका. बोटांनी घासलेल्या जागेत बोटांच्याच खोलगट रेषा पडतात. त्या आत्ता दिसत नाहीत, चकाकी आली की आरशासारख्या दिसतात.

> तपासा : पॅनेलवर काळ्या रंगाचा अगदी पातळ फवारा मारा आणि ठोकळ्यानं हलकं घासा. जिथं काळं राहिलं तो खड्डा, जिथं लगेच पत्रा उघडा पडला तो उंचवटा. डोळे मिटून ओल्या तळहातानं फिरवून बघणंही चालतं. मिस्त्री तेच करतात आणि ते बरोबर आहेत.

टप्पा ७ : रंग

माझं मत स्पष्ट आहे: प्रायमरपर्यंत सगळं घरी करा, वरचा रंग बूथ (रंग मारायची बंद खोली) असलेल्या ठिकाणी मारून घ्या. हार्डनर घालून वापरायच्या पीयू (पॉलियुरेथेन) रंगात आयसोसायनेट असतं. साधा कापडी किंवा धुळीचा मास्क त्याला अडवत नाही, बाहेरची हवा पुरवणारा मास्क लागतो. दमा एकदा जडला की आयुष्यभर राहू शकतो.

जुना रंग कुठं न सोलता राहिला असेल तर गाडी बूथला देण्याआधी तो कोणता ते ओळखून सांगा. लपलेल्या जागी थिनरचं फडकं घासा. रंग सहज विरघळून फडक्यावर आला तर एनसी (नायट्रोसेल्युलोज). सुरकुतला, फुगला तर सिंथेटिक एनॅमल. काहीच झालं नाही तर हार्डनरवाला रंग. एनॅमलवर थेट नवा रंग मारला तर खालचा थर उकळल्यासारखा वर येतो. तो काढलेलाच बरा.

शेडमध्ये टायर चमकवायचा सिलिकॉनचा स्प्रे कधीच आणू नका. त्याचा अंश पत्र्यावर बसला की ताजा रंग माशाच्या डोळ्यांसारखा गोल गोल फाकतो. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज सोडा. आपल्या हवेत ते भरपूर साठतं.

टप्पा ८ : कटिंग आणि पॉलिश

इथवर आलात तर आता डबा उघडा. आणि गाडीचा मूळ रंग चांगला असेल, गंज नसेल, तर दुसऱ्या टप्प्यावरून थेट इथं आलात तरी चालेल.

*आधी थर मोजा.* जाडी मोजायचं यंत्र आता परवडतं. कंपनीचा रंग प्रायमरसकट साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो. ३०० च्या वर आकडा आला तर खाली लांबी किंवा दुसरा रंग आहे. ८० च्या खाली आला तर कटिंग (कंपाउंडनं वरचा थर घासणं) विसरा, हातानं हलकं पॉलिश करा आणि थांबा.

*मग रंगाचा प्रकार.* पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन घासा. फडक्यावर गाडीचा रंग आला तर वर क्लिअर कोट (पारदर्शक थर) नाही, तुम्ही रंगच घासताय. घाबरू नका, जुन्या गाड्यांत तसंच असतं. पॅड मात्र दर दोन फुटांनी साफ करावा लागेल. रंग खडूसारखा पांढुरका झाला असेल तर तेलकट ग्लेझ हातानं चोळून रात्रभर राहू द्या. कोरडा झालेला जुना रंग ते पितो आणि सकाळी निम्मी चमक परत आलेली असते.

*धुवा.* दोन बादल्या, एक साबणाची, एक फडकं हिसळायची. बोअरच्या जड पाण्यानं धुतलं तर उन्हात वाळू देऊ नका, पांढरे ठिपके पडतात. धुतल्यावरही हाताला खरखर लागली तर डिटेलिंगची क्ले (चिकटलेली घाण ओढून काढणारा मऊ गोळा) भरपूर ओल्या पत्र्यावर फिरवा. क्ले खाली पडली तर फेकून द्या. खडा चिकटला असेल तर पुढचा ओरखडा तुमचाच.

*कडा झाका.* बॉनेटची कड, दाराची घडी, फेंडरची उभट रेघ, सगळीकडं मास्किंग टेप. कडेवर रंग सगळ्यात पातळ असतो आणि मशीन सगळ्यात जास्त तिथंच खातं. मी स्पिटफायरच्या बॉनेटच्या कडेवर टेप न लावता "एकच फेरी" मारली होती. प्रायमर दिसायला चार सेकंद लागले, कड पुन्हा रंगवायला तीन आठवडे.

*नव्या रंगावर संत्र्याची साल (सालीसारखा खडबडीतपणा) असेल तर* पाण्याचा पेपर. हार्डनरवाला रंग डब्यावरच्या मुदतीनं वाळू द्या, एनसीला काही आठवडे द्या. पाण्यात साबणाचा एक थेंब, पेपर ठोकळ्यावर, १५०० पासून सुरू. चमकणारे बारके खड्डे बहुतेक गेले की थांबा. सगळेच घालवायला गेलात तर थर संपतो. मग २०००, मग ३०००. प्रत्येक नंबराला दिशा बदला: आधी उभं, मग आडवं. म्हणजे मागच्या पेपरचे ओरखडे गेले की राहिले ते कळतं.

*मशीन.* पहिल्यांदा करणाऱ्यानं गोल फिरत हलणारं ड्युअल ॲक्शन मशीन घ्यावं. गॅरेजमधलं एकाच जागी फिरणारं बफिंग मशीन वेगानं काम करतं आणि तितक्याच वेगानं रंग जाळतं. तेच वापरायचं असेल तर फेरे १००० ते १५०० च्या आत ठेवा आणि एका जागी थांबवू नका.

दोन फूट चौकोन घ्या. सगळ्यात सौम्य पॅड आणि सौम्य पॉलिशनं सुरुवात करा. वाटाण्याएवढे तीन-चार ठिपके पॅडवर लावा, मशीन पत्र्याला टेकवा, मगच सुरू करा. सेकंदाला इंचभर या गतीनं, प्रत्येक पट्टा आधीच्यावर निम्मा चढवत चार ते सहा फेऱ्या. पुसा, तिरक्या टॉर्चनं बघा. काम झालं असेल तर हेच मिश्रण सगळ्या गाडीला. नसेल तरच एक पायरी कडक व्हा. लोक नेमकं उलटं करतात: लोकरीचा पॅड आणि जाड कंपाउंडनं सुरुवात, मग त्याचे गोल चट्टे घालवायला आठवडा.

पत्र्याला हाताची पाठ लावून बघत राहा. गरम लागला तर थांबा. उन्हात तर मशीन लावूच नका, सकाळी सहा ते नऊ ही वेळ उत्तम.

> सावधान : चमक बघून फसू नका. पॉलिशमधलं तेल ओरखड्यांत भरतं आणि दोन धुण्यांत निघून जातं. आयसोप्रोपिल अल्कोहोल निम्म्या पाण्यात मिसळून एक भाग पुसून बघा. एनसी रंगावर मात्र ते आधी लपलेल्या कोपऱ्यात तपासा.

ताज्या रंगावर निदान महिनाभर मेण लावू नका. रंगातलं थिनर अजून बाहेर पडत असतं.

टप्पा ९ : क्रोम आणि बाकीची चमक

बंपरवरचा वरवरचा गंज स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासला की निघतो. कटिंग कंपाउंड क्रोमवर नको. वरचा क्रोमचा थर एक मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. खाली पिवळट निकेल दिसायला लागलं की पुन्हा प्लेटिंगशिवाय इलाज नाही. प्लेटिंगला देताना प्रत्येक पट्टीचा फोटो काढा, मोजून द्या आणि मोजून घ्या.

एसयू कंपनीच्या कार्बोरेटरचे ॲल्युमिनियमचे घुमट बाहेरून हवे तेवढे चमकवा, आतून पॉलिश पेपर लावू नका. आतला पिस्टन आणि घुमट यांच्यातली फट नेमकी असते. ती वाढली की गाडी एका लयीत चालत नाही.

टप्पा १० : जोडणी आणि पाण्याची परीक्षा

रबर नवी, बोल्टच्या आट्यांना थोडं ग्रीस, आणि प्रत्येक पिशवी रिकामी झाली की वहीत खूण. सिलच्या आत मेणाचा गंजरोधक फवारा मारा, पण निचऱ्याची भोकं बुजली नाहीत ना ते तारेनं बघा.

शेवटी गाडी उतारावर उभी करून बागेच्या पाइपनं काचेवर आणि दारांवर दहा मिनिटं पाणी सोडा. एकानं आत बसून पायांखालची लाद चाचपत राहायचं. सिलच्या भोकांतून पाणी ठिबकलं पाहिजे. पाणी आत गेलं आणि खालून आलंच नाही, तर गालिचा अंथरायच्या आधी ते कुठं अडकलंय हे शोधा.